पडायला शिकलेला पैलवान

घर बघायला गेलो तेव्हा जिन्यावर रांग होती. इथं जर्मनीत, बोब्लिंगेनमध्ये, भाड्याचं घर रिकामं झालं की अशी रांग लागतेच. प्रत्येकाच्या हातात फाइल, फाइलमध्ये पगारपत्रकं, आधीच्या घरमालकाची शिफारस. कुणी तर अख्ख्या कुटुंबाचा हसरा फोटोही लावून आणलेला. आमच्याकडेही तशीच फाइल होती. लेक तेव्हा लहान होती, नवऱ्याच्या खांद्यावर झोपली होती.

तळमजल्यावरच्या ज्या खोलीत आम्हाला बोलावलं तिथं एकही खुर्ची नव्हती. मधोमध जमिनीवर एक अवाढव्य जपानी माणूस बसला होता. एक पाय दुमडलेला, दुसरा सरळ पसरलेला. साठी उलटलेली, केस बारीक कापलेले, कानांच्या पाळ्या चुरगळलेल्या कागदासारख्या. त्याने सगळ्यांच्या फायली घेतल्या, न उघडता बाजूला ठेवल्या आणि जमिनीकडे हात करून म्हणाला, "बिटं." म्हणजे, बसा.

लोक एकमेकांकडे बघायला लागले. एक सूटवाला भिंतीला टेकून उभाच राहिला. एक बाई गुडघे टेकून कशीबशी बसली. आम्ही दोघं मांडी घालून बसलो, कारण जमिनीवर बसा म्हटल्यावर आपण दुसरं काय करणार! मग त्या माणसाने जिना कुणी कधी झाडायचा, कचऱ्याचा कुठला डबा कधी बाहेर ठेवायचा, तळघराच्या दाराला वंगण का लागतं, हे सगळं अगदी सावकाश सांगितलं. सांगून झाल्यावर म्हणाला, "आल्झो," म्हणजे चला तर, "उठा."

कुणी भिंत धरून उठलं, कुणी शेजाऱ्याचा खांदा धरून. आम्ही पंगतीतून उठावं तसे उठलो. नवरा तर पोरीला घेऊनच उठला. त्या माणसाने आमच्याकडे बोट दाखवलं. "यांना."

नंतर, ओळख झाल्यावर, मी विचारलं की तुम्ही आमची फाइल उघडलीसुद्धा नाही, मग घर कसं दिलंत? ते म्हणाले, "हात न टेकता जमिनीवरून उठणारा माणूस सहसा खोटं बोलत नाही." हे कुठल्या शास्त्रात बसतं ते मला आजतागायत कळलेलं नाही. पण दोन-दोन डिग्र्या घेऊन जे घर मिळालं नाही ते मांडी घालून मिळालं, असं माझा नवरा अजून सगळ्यांना सांगतो.

आमचे हे घरमालक एके काळी सुमो पैलवान होते आणि त्यानंतर बरीच वर्षं जर्मनीत कुस्तीच्या शोमध्ये काम करत होते. हे आम्हाला शेजाऱ्यांकडून कळलं. ते स्वतः सांगायचे नाहीत. विचारलं तरी "तेव्हा होतो" एवढंच म्हणायचे. पूर्वीच्या मानाने ते अर्धेच राहिले होते म्हणे, पण चालणं अजून पूर्ण वजनाचं होतं. जिन्यावर त्यांचं पाऊल पडलं की आमच्या फडताळातल्या वाट्या किणकिणायच्या. उजवा गुडघा लोखंडाचा. तो वाकायचा कमी, म्हणून बसताना तो पाय पसरलेला. तरी उठताना त्यांनी कधी हात टेकलेला मी पाहिला नाही. वेळ लागायचा, चेहरा लालबुंद व्हायचा, पण हात छातीशीच.

ते मला नावाने हाक मारायचे नाहीत. "फ्राऊ नाखबारिन" म्हणायचे, म्हणजे शेजारीणबाई. लेकीला मात्र 'क्लाइनं', छोटी. आणि लेक त्यांना ओपा, म्हणजे आजोबा, म्हणायची.

रोज सकाळी ते परसात यायचे. तिथं त्यांनी एक जाडजूड लाकडी खांब पुरला होता. त्या खांबावर उघड्या तळहातांनी थापा मारायच्या, आधी एका हाताने, मग दुसऱ्या. मग एक पाय जमेल तितका वर उचलायचा, क्षणभर तोलायचा आणि धप्पकन खाली आपटायचा. नव्याने राहायला आलेल्या समोरच्या जर्मन आजी एकदा कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, "अहो, त्या खांबाने तुमचं काय वाकडं केलंय?" तर हे शांतपणे म्हणाले, "काही नाही. म्हणून तर रोज भेटतो."

रविवारी मात्र खांबाला सुट्टी. रविवारी जर्मनीत आवाज करायचा नाही, हा नियम ते कुठल्याही जर्मनापेक्षा कडक पाळायचे. जिना झाडायची पाळी, जिला इथं केअरवोखं म्हणतात, ती आमची असली की मी झाडून गेल्यावर ते हळूच येऊन कोपरे बघायचे. एकदा मी पकडलं तर ओशाळून म्हणाले, "बायकोची अट होती. लग्न करीन, पण जिना झाडायला शिकावं लागेल. ती गेली, अट राहिली."

बायको इथलीच, याच घरातली. आम्ही येण्याआधी काही वर्षं ती वारली होती.

कधीमधी ते मोठं पातेलंभर रस्सा करायचे. कोबी, गाजर, टोफू, मुळा आणि कोंबडी. एकदा माझी आई पुण्याहून आली होती. ती शाकाहारी म्हणून तिच्यासाठी वेगळं लहान पातेलं आलं. आईने मला विचारायला लावलं, की हे गाईचं, डुकराचं काही खात नाहीत का?

"पूर्वी नाही," ते म्हणाले. "सुमोत असताना सामने चालू असले की चार पायांचं काही खायचं नाही. गाय, डुक्कर चारही पाय जमिनीला टेकून उभे असतात. आमच्यात हात जमिनीला लागला की हरला. कोंबडी दोन पायांवर उभी असते. कोंबडी चालते."

मी भाषांतर करून सांगितल्यावर आई म्हणाली, "म्हणजे सोवळ्यातलेच की गं!" आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी थालीपीठ लावलं.

त्यांची गोष्ट मला अशीच तुकड्यातुकड्यांनी कळली. कधी पातेलं परत द्यायला गेल्यावर, कधी अंगणातलं बर्फ ढकलताना. तिला क्रम मीच लावलाय.

ते उत्तर जपानमधल्या एका कोळ्यांच्या गावातले. मिसरूड फुटायच्या आत सुमोच्या आखाड्यात गेले. तिथं पोरं वस्तादांच्या घरातच राहतात. पहाटे उठायचं, थोरल्यांचं अंग रगडायचं, स्वयंपाक करायचा, सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खायचं. पगार नाही, केस वाढवायचे, थंडीतसुद्धा सुती कपडा. वर चढत चढत ठरावीक पायरी गाठली की मग चित्र पालटतं. पगार सुरू होतो, कमरेला रेशमी पट्टा येतो, सामान उचलायला एक पोऱ्या दिमतीला मिळतो. हे त्या पायरीवर पोचले. गावी आईला फोन केला तर ती नुसती रडत राहिली.

आणि मग एका सामन्यात आखाड्याच्या कडेवर पाय अडकला, समोरचा पैलवान अंगावर आला आणि गुडघा फिरला.

सुमोत दुखापतीला दया नाही. खेळला नाहीस तर खाली. ते घसरत घसरत इतके खाली आले, की रेशमी पट्टा गेला, पगार गेला, आणि जो पोऱ्या त्यांचं सामान उचलायचा तो वर चढला. आता त्याचं सामान यांनी उचलायचं.

"उचललंत?" मी विचारलं.

"जा, नाटुअरलिश," ते म्हणाले. अर्थातच. "सामान तेवढंच जड होतं."

असे ते बराच काळ राहिले. मोडक्या गुडघ्याने पहाटे उठून पोरांबरोबर फरशी पुसायची, भांडी घासायची, मग आखाड्यात उतरून हरायचं. त्यांना वाटत होतं, गुडघा भरून येईल. शेवटी वस्तादांनीच एक दिवस बोलावून सांगितलं, की पुरे. निरोपाच्या दिवशी शेंडी कापतात. सगळे एकेक करून थोडे थोडे केस कापतात, शेवटचा घाव वस्तादांचा. वस्ताद कापताना रडले. "मला रडू आलं नाही," ते म्हणाले. "पण बाहेर पडल्यावर मानेला वारा लागला. इतक्या वर्षांत मानेला वारा लागलाच नव्हता. तेव्हा आलं."

तिथून हा माणूस गावी जाऊन मासे विकू शकला असता. आखाड्यातले इतर पुष्कळ जण तेच करत, नाहीतर रश्शाची खानावळ काढत. पण यांनी ठरवलं, की अंगाने जे येतं तेच करायचं. कुस्तीचे शो करणाऱ्या एकाने बोलावलं होतं. जर्मनीत एक हंगाम, तंबूत, रोज रात्री खेळ. ते वस्तादांना सांगायला गेले. वस्ताद चहा पीत होते.

"तिथं ठरवून पडतात ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"माझ्या आखाड्यातला माणूस ठरवून पडणार?"

वस्तादांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. हे वाकून नमस्कार करून उठले, तरी ते तोंड वळलं नाही.

जर्मनीत तेव्हा या धंद्यातल्या माणसाला 'कॅचर' म्हणत. जत्रेच्या मैदानावर मोठा तंबू ठोकायचा आणि आठवडेच्या आठवडे तिथंच मुक्काम. पहिल्याच दिवशी तिथल्या म्हाताऱ्या जर्मन शिक्षकाने यांना उचलून आपटायचा प्रयत्न केला आणि म्हणाला, "पड."

यांना पडता येईना.

हे मी हसण्यावारी नेलं होतं, पण त्यांनी ते अगदी गंभीरपणे सांगितलं. तळपायाशिवाय अंगाचा कुठलाही भाग जमिनीला लागता कामा नये, हेच इतकी वर्षं रक्तात मुरलेलं. डोकं म्हणायचं पड, आणि पाय आपोआप रुंद होऊन रोवले जायचे. समोरच्याने फेकलं की हे उभेच. समोरचाच कण्हत बाजूला. पहिल्या खेळात प्रेक्षक हसले. शिक्षक म्हणाला, महिन्याभरात पडायला शीक, नाहीतर तिकीट काढून देतो.

तेव्हापासून हे रोज सकाळी तंबूमागच्या गवतात एकटेच जायचे आणि पडायचे. उभं राहायचं, हनुवटी छातीला लावायची, हात पसरून मागे पडायचं. उठायचं. पुन्हा पडायचं. तिकिटं विकणारी एक मुलगी सकाळी लवकर यायची. तिने पाहिलं, एक भलामोठा माणूस एकटाच गवतात धाडकन पडतोय, उठतोय, परत पडतोय. तिला वाटलं, फिट येतेय. ती पाण्याची बाटली घेऊन धावत गेली. "तुम्हाला डॉक्टर हवाय का?"

त्यांना तोवर जर्मनचे मोजकेच शब्द येत होते. ते आडव्या अवस्थेतच म्हणाले, "नाइन. इश आर्बाइटं." नाही. मी काम करतोय.

ती बाटली गवतावर ठेवून तिथंच बसली आणि बघत राहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. काही दिवसांनी म्हणाली, "तुम्ही पडायच्या आधी श्वास धरता. सोडून बघा." त्यांनी सोडून बघितला. त्या दिवशी पहिल्यांदा ते नीट पडले. पुढे तिच्याशीच लग्न झालं.

"पण त्याहून अवघड दुसरंच होतं," ते मला म्हणाले. "त्या दिवशी तिने मला तंबूसमोरच्या गाडीवर नेलं आणि श्निट्झल खायला घातलं. डुकराचं. मी प्लेटकडे बघत बसलो. मग खाल्लं. तेव्हा कळलं, की मी आता सुमो पैलवान नाही. केस कापले तेव्हा नव्हतं कळलं."

"वाईट वाटलं?"

"श्निट्झल चांगलं होतं," ते म्हणाले.

एका बाबतीत मात्र ते हटले नाहीत. शोच्या मालकाला त्यांचा खलनायक करायचा होता. झगा घालून यायचं, डोळे वटारायचे आणि मूठभर मीठ समोरच्याच्या डोळ्यांत फेकायचं. झगा चालेल, डोळे चालतील, मीठ नाही, असं यांनी सांगितलं. सुमोत मीठ फेकतात ते आखाडा शुद्ध करायला. ते माणसाच्या डोळ्यांत फेकायचं नाही. मालक म्हणाला, इथं कुणाला कळतंय? हे म्हणाले, मला. मालकाने उरलेल्या हंगामासाठी त्यांना बसवून ठेवलं. हे भाजीच्या घाऊक बाजारात बटाट्याची पोती उतरवायला लागले. पुढच्या हंगामात मालक स्वतः आला. मग यांनी मीठ फेकलं, पण आपल्या पद्धतीने, वर, उंच, दिव्यांच्या उजेडात. प्रेक्षकांनी तरीही हुर्यो उडवली. खलनायक तो खलनायकच. पण पुढे पुढे म्हणे, मीठ वर उडालं की तंबू गप्प व्हायचा.

माझे सासरे आमच्याकडे आले ते सासूबाई गेल्यावर. आबा सांगलीकडचे. तरुणपणी तालमीत होते, चांगली अंगकाठी, पंचक्रोशीत नाव. मग जिल्हा परिषदेत नोकरी लागली आणि तालीम सुटली. आदल्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, डॉक्टर म्हणाले चाला. पण आबांनी पडण्याचा धसका घेतला होता. भिंत धरल्याशिवाय चालेनात. संडासला जायचं तरी हाक मारायचे. ज्या माणसाने कधी कुणाला पाण्याचा तांब्या मागितला नाही तो "जरा हात दे गं" म्हणताना माझ्याकडे बघायचा नाही. गावच्या घरी एकट्याने राहणं आता शक्य नाही, असं आम्ही ठरवून टाकलं होतं. आबांना ते मान्य नव्हतं, पण बोलायचे नाहीत.

खालचे आजोबा पैलवान होते, हे लेकीने सांगितल्यावर मात्र आबा ताठ बसले. एका दुपारी नवऱ्याचा हात धरून अंगणात उतरले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. आबांचं मराठी लेक जर्मनमध्ये सांगायची, कारण तिला मराठी कळतं पण तोंडातून जर्मनच येतं. आणि पैलवानांचं जर्मन मी मराठीत आणायची. सुरुवातीला दोघांचं छान चाललं होतं. दंड बघितले, माना बघितल्या, कान बघितले. आबांचेही कान तसेच चुरगळलेले. मग आबांनी विचारलं, जर्मनीत कसली कुस्ती करायचे? लेकीने फोनवर कुठलातरी जुना, अंधूक व्हिडिओ काढून दाखवला.

आबांनी बघितला आणि तोंड वाकडं केलं. "ही तर नुरा कुस्ती. दोघांनी आधी ठरवून करायची. पैलवानाने ठरवून पडायचं? शोभतं का?"

मी काही बोलायच्या आत लेकीने भाषांतर करून टाकलं. पोरांना गाळता येत नाही.

पैलवानांनी खांबाकडे बघितलं. मग म्हणाले, "माझे वस्तादही हेच म्हणाले होते. हेच शब्द."

आबा चपापले. "तसं नाही, पैलवान—"

"नाही, बरोबर आहे. ठरवून पडायचो." ते उठून हिरवळीवर जाऊन उभे राहिले. "पण समोरचा मला डोक्याइतका उंच उचलतो. मी खोटा पडलो तर मान मोडते. त्याने खोटं उचललं तर माझी मोडते. निकाल ठरवलेला असतो. जमीन ठरवलेली नसते."

एवढं बोलून, लोखंडी गुडघ्यासकट, ते मागच्या मागे पडले. धप्प! कुंपणावरचे पक्षी उडाले. मी किंचाळले. ते आकाशाकडे बघत क्षणभर पडून राहिले आणि मग नेहमीसारखे, सावकाश, लालबुंद होत, हात छातीशी धरून उठले.

आबांनी लेकीला हळूच सांगितलं, "त्यांना विचार, मला शिकवाल का म्हणावं."

माझा नवरा हादरला. "आबा, वेड लागलंय का? परत हाड मोडलं तर?"

"तू गप," आबा म्हणाले. आमच्याकडे आल्यापासून पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "न पडता वर्ष काढलंय मी. हे काय जगणं आहे?"

गॅरेजमध्ये गाद्या अंथरल्या गेल्या. एकावर एक, कमरेइतक्या उंच. पहिल्या दिवशी आबांनी त्यांवर नुसतं मागे टेकायचं होतं. ते टेकेनात. दोन्ही हातांनी पैलवानांचे दंड घट्ट पकडून उभे. कपाळावर घाम. पैलवान ओढत नव्हते, ढकलत नव्हते. म्हणाले, "यांना सांगा, मलाही जमत नव्हतं. श्वास सोडा म्हणावं."

मी सांगितलं. आबांनी श्वास सोडला आणि दंड सोडले.

त्यानंतर रोज. एकेक गादी कमी होत गेली. बाजूला कसं पडायचं, हात कसा पसरायचा, डोकं कसं सांभाळायचं. पैलवान दवाखान्यातल्या नर्ससारखं नव्हे, वस्तादासारखं शिकवायचे. चुकलं की जीभ टाळूला लावून 'टक्' करायचे. आबांनीही पुन्हा पोरगं होऊन ते ऐकून घेतलं. एका संध्याकाळी मी स्वयंपाकघरात होते आणि आबा जिना उतरून खाली गेले. कठडा न धरता. मला हाक न मारता. मी पोळी तव्यावर करपू दिली, पण मागे वळून बघितलं नाही.

आबा गावी परतायच्या आधीच्या दिवसांत दोघं बिनभाषेचेच गॅरेजमध्ये बसायचे. एकदा मात्र आबांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. "यांना विचार, वस्ताद आहेत अजून?"

"आहेत," ते म्हणाले. "खूप म्हातारे झालेत. आखाडा आता दुसरा चालवतो. जो माझं सामान उचलायचा, तो."

"भेटलात परत?"

त्यांनी मान हलवली. नाही.

आबा म्हणाले, "मी नोकरी लागल्यावर तालीम सोडली. वस्तादांना सांगायची लाज वाटली. रस्त्यात दिसले की गल्ली बदलायचो. मग एक दिवस ते गेल्याचं कळलं. तुमचे आहेत. आणि तुम्ही इथं जिने झाडत बसलाय?"

हे सगळं मी जसंच्या तसं सांगितलं. आबा गावी परतले त्याच महिन्यात पैलवान जपानला गेले. आबा आजही गावच्या घरी एकटे राहतात. मध्यंतरी मोरीत पुन्हा पडले. उठले, कपडे बदलले आणि दोन दिवसांनी फोनवर बोलता बोलता सांगितलं.

पैलवान जपानहून परत आले तेव्हा मला अंगणातच भेटले. काय झालं ते विचारायचा धीर होईना, पण त्यांनीच सांगितलं.

सकाळचा सराव चालू असताना ते आखाड्यात पोचले. कडेच्या ओट्यावर बसले. वस्तादांना चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं. वस्तादांनी त्यांना पाहिलं. मग आखाडा चालवणारा, तो पूर्वीचा पोऱ्या, उठून यांच्यापुढे वाकला आणि म्हणाला, "पोरांना छाती द्याल का?" म्हणजे, आपण उभं राहायचं आणि पोराने येऊन छातीवर धडकायचं, ढकलत न्यायचं. विजारीवरूनच यांना पट्टा बांधला. समोर विशीतलं एक धिप्पाड पोर. ते आलं, धडकलं. टाचा मातीत रेघा ओढत मागे सरकायला लागल्या. आखाड्याच्या कडेला गवताच्या दोरीचा उंचवटा असतो, तिथपर्यंत टाचा गेल्या. गुडघा करकरत होता.

माझ्याने राहवेना. "मग? पडलात?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्यांना चोरी केलीत का असंच विचारलं होतं. "तिथं? तिथं कशाला पडू? पोर दमलं. मी उभाच."

"आणि वस्ताद?"

"त्यांनी खुर्ची जवळ आणायला सांगितली. माझ्या पायाकडे बघून म्हणाले, 'गुडघा?' मी म्हटलं, 'लोखंडाचा.' ते म्हणाले, 'बरा आहे.'"

मी वाट बघत राहिले.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढं!" ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "फ्राऊ नाखबारिन, एवढं ते कुणाशीच बोलायचे नाहीत."